देवकाबाई, ते नाव मी सांगितलं होतं

देवकाबाई,

परवा तुमची तेरवी झाली. मांडव सुटला, पाहुणे आपापल्या गावी गेले. जे तुमच्यासमोर बसून बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे, कारण सात वर्षं ते माझ्या तोंडून निघालं नाही. वनखात्याच्या माणसांना तुमच्या भावाचं, गोपीचंदचं नाव मी सांगितलं होतं. तुम्हाला शब्द दिला, त्यानंतर आठव्या दिवशी सांगितलं.

एवढं एक वाक्य. तुम्ही शाळेत खिचडीचं पातेलं ढवळत उभ्या असायच्या आणि मी वर्गाच्या दारातून तुमच्या पाठीकडे बघत ते वाक्य जुळवायचे. तुम्ही वळून बघितलं की मी म्हणायचे, "मीठ बरोबर आहे ना आज?"

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या सुमारास माझी बदली करडीकडच्या या गावात झाली. माहेर मोहाडीचं, मागावर साड्या विणणाऱ्यांचं घर. धानाच्या बांध्या आणि तलाव मी तोवर एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेले. सोबत होती एक दुर्बीण, मोठ्या भावानं नागपूरहून आणून दिलेली, आणि पाखरांची नावं लिहायची एक वही. रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून मी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, जायचे. गावाला ते चमत्कारिक वाटे. मास्तरीणबाई पाण्याकडे नळी लावून काय शोधते, असं बायका एकमेकींना विचारत. पुढं शाळेत खिचडी शिजायला लागली, तुम्ही स्वयंपाकाला आलात, आणि एका रविवारी गवताचा भारा डोक्यावरून उतरवून माझ्यापाशी येऊन म्हणालात, "मॅडम, मले पाहू द्या."

काहून पाहता, असं विचारलं नाही. पाहू द्या म्हणालात. मी दुर्बीण तुमच्या डोळ्यांना लावली, शिंगाड्याच्या वेलांकडे वळवली. तिथं कमळपक्षी होता. तुम्ही बराच वेळ हलला नाहीत. मग म्हणालात, "अजी, हा तर पानावरून चालून राहिला. पान बुडत नाही."

त्या दिवसापासून आपण दोघी झालो. मला पुस्तकातली नावं येत होती, तुम्हाला पाखरं येत होती. तलावाच्या पलीकडच्या काठावर तुमचं माहेर. टिबुकली घरटं कुठं बांधते, अडया, ती शीळ घालणारी बदकं, धानाच्या लोंब्यांवर कोणत्या महिन्यात उतरतात, हे तुम्हाला पाठ होतं. चपट्या चोचीचा थापट्या पहिल्यांदा दाखवला तेव्हा म्हणालात, "याचं तोंड त माह्या चाटूसारखं आहे." मी वहीत थापट्या लिहिलं आणि कंसात चाटू, तुमचा खिचडी ढवळायचा तो. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण आपण दिलेलं नाव लिहिलं की नाही हे तुम्ही वहीत बोट ठेवून विचारायच्या.

आपण भांडायचोही. लहानपणी आम्ही अडया भाजून खाल्ल्या, असं तुम्ही हसत सांगितलं तेव्हा मी दोन रविवार तुमच्याशी नीट बोलले नाही. तुम्ही म्हणालात, "भूक लागली तवा खाल्लो मॅडम. आता पोट भरलेलं आहे म्हनून पाहून राहिलो." तिसऱ्या रविवारी मीच दुर्बीण तुमच्या हातात दिली.

मग तो हिवाळा आला.

पाळीवरून उतरलो तर काठाच्या चिखलात अडया पडलेल्या. मी मोजल्या, सतरा. एक अजून जिवंत होती, तिची मान एका बाजूला ओढल्यासारखी वळत होती. तुम्ही तिला पदरात घेतलं आणि ती पदरातच गेली. काठावर धान फेकलेला होता, त्याला फवारणीच्या औषधाचा वास येत होता. मी वाकून दाणे उचलायला गेले, तुम्ही माझा हात ओढला.

तेवढ्यात बेशरमाच्या झुडपांतून गोपीचंद आला, हातात पोतं. आपल्याला बघूनही त्यानं पोतं लपवलं नाही. तुमच्याकडे न बघता मला म्हणाला, "काय पाहून राहिल्या मॅडम? या पाखरांवर तुमचं नाव लिहून आहे का?"

तुम्ही त्याला शिव्या दिल्या. मी तुम्हाला तशा आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो विकायला न्यायच्या अडया पोत्यात भरत राहिला आणि निघून गेला. मग तुम्ही पाळीवर बसलात. "मॅडम, वनखात्यात कागद नोका करू," म्हणालात. "माहा एकच भाऊ आहे. त्याले मी सांगतो. थो माह्यं आयकते."

मी म्हटलं, "हे विष आहे, देवकाबाई. उद्या कोणाचं जनावर पाणी प्यायला आलं तर?"

"मी सांगतो ना त्याले. मले शब्द द्या."

मी शब्द दिला. मनापासून दिला होता, हे तुम्ही मानाल की नाही माहीत नाही.

आठ दिवसांनी काठावर पुन्हा धान होता. त्या दिवशी पाखरांसोबत एक शेळीही पडलेली होती, तोंडाला फेस आलेली. शाळेतली निम्मी मुलं त्या काठावरून चालत येत. मी तुमच्याकडे आले नाही. सरळ एसटी धरली, वनखात्याच्या कार्यालयात गेले, नाव सांगितलं, जागा सांगितली आणि माझं नाव कुठं येऊ देऊ नका म्हणून हात जोडले. तिसऱ्या दिवशी गोपीचंदला पोत्यासकट धरून नेलं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत आलात, चूल पेटवली, तांदूळ धुतले. मुलं जेवून उठल्यावर पातेलं घासता घासता विचारलंत, "मॅडम, कोन सांगतलन असन?"

मी म्हटलं, "कोण जाणे."

देवकाबाई, नाव सांगितल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पुन्हा ती शेळी दिसली तर पुन्हा एसटी धरीन. पण "कोण जाणे" हे दोन शब्द मला गिळता आले नाहीत आणि थुंकताही आले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी दुर्बीण गळ्यात घातली आणि परत काढून ठेवली. पुढच्या रविवारी हातातही घेतली नाही. पुढं पुढं पाखरांतलं काही गोडच वाटेना. आंगणातल्या बाभळीवर काही बोललं तरी मान वर होत नसे. वही मुलांच्या परीक्षेच्या पेपरांखाली गेली. तुम्ही रविवारी दारात यायच्या, "चालता का मॅडम?" मी कधी गुडघा सांगितला, कधी डोळे, कधी घरचं काम. महिनाभर तुम्ही आलात. मग यायचं थांबवलंत. तुम्हीही सोडून दिलं असणार, असं मी समजले. मला बरं वाटलं, खरं सांगते.

गोपीचंद काही दिवसांनी सुटला, मग तारखांवर जात राहिला. तलावावर विष टाकणं थांबलं. तुम्ही माहेरी जाणं बंद केलं. भाऊबिजेला तुम्ही घरीच दिसायच्या. भावाची लाज वाटते म्हणून जात नसाल, असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती.

असे सहा हिवाळे गेले.

गेल्या वर्षी पौषात, रविवारी सकाळी, तुम्ही दार वाजवलंत. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तोवर तुमचा दम लागायचा आजार सुरू झालेला, ओट्याची एक पायरी चढून तुम्ही खांबाला धरून उभ्या होत्या.

"मॅडम, दुर्बीन काढा."

"आता कुठं देवकाबाई? मी सोडून दिलं ते."

"मी नाही सोडलो. सहा वरसं एकटीच पाहून राहिलो. नाव सांगाले कोनी नाही. काल एक पाखरू पाहिलो, थे तुमच्या पुस्तकात असन. चला."

तुम्ही एकट्या जात होता, हे मला तेव्हा कळलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. मग फडताळातून दुर्बीण काढली. भिंगांवर बुरशीचे ठिपके आले होते. पदरानं पुसली, जमेल तेवढी.

तलाव दहा मिनिटांवर आहे, आपल्याला अर्धा तास लागला. तुम्ही दर थोड्या वेळानं थांबायच्या, छातीवर हात ठेवायच्या. मी म्हणायचे परत फिरू, तुम्ही मान हलवायच्या. मला तुमच्या छातीची भीती होती, आणि तलावाच्या त्या काठाची त्याहून जास्त. पाळीवरून उतरताना चिखलात दाणे दिसले. धानाचे, पसरलेले. माझे पाय जागीच थांबले. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत, वाकलात, चार दाणे तळहातावर घेऊन नाकाशी धरलेत. मी ओरडणारच होते.

"साधा आहे," म्हणालात. "बंडीतून सांडला कोनाच्या." आणि हात झटकलात.

पाखरं पाण्याच्या मधल्या बेटावर होती. मी दुर्बीण लावली. सगळं धुकट, काही करड्या पाठी दिसल्या. मी दुर्बीण खाली केली. "बदकं आहेत साधी. चला घरी."

तुम्ही भडकलात. "पाहा त आधी."

"पाहिलं ना."

"नाही पाहिलं. तुमी दुर्बीन लावल्या अन् डोळे दुसरीकडेच ठेवल्या. असं पाहात होत्या का तुमी? मले शिकवल्या तवा असं शिकवल्या होत्या?"

इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी असं बोलला नव्हता. मी रागानंच पुन्हा दुर्बीण लावली, चाक फिरवलं, श्वास रोखला. एका पाखरानं मान उचलली. डोकं पांढरं आणि त्यावर दोन काळ्या पट्ट्या, मागच्या बाजूला, कुणी बोटानं ओढल्यासारख्या. पट्टकदंब. हिमालयाच्या पलीकडून येणारा हंस. पुस्तकात पन्नासदा पाहिलेला, तलावावर कधीच नाही.

मी एकेक मोजत गेले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. तुम्ही मागून विचारत होता, "आहे ना पुस्तकात? आहे ना?" आणि मला उत्तर द्यायलाही फुरसत नव्हती. पाव तासभर मी गोपीचंदला विसरले, ती शेळी विसरले, स्वतःला विसरले. मग मी खाली चिखलातच बसले आणि तुम्हाला त्यांची सगळी वाट सांगितली, बर्फाचे डोंगर ओलांडून ते कसे येतात ते. तुम्ही ऐकून म्हणालात, "इतक्या दुरून येते अन् आपल्या तलावावर उतरते. मंग आपल्याले दहा मिनिटं चालाले काय होते?"

पुढचे रविवार मी तुमच्या दाराशी येऊन उभी राहायचे. भिंगं साफ करून आणली, नवी वही घेतली. सोमवारपासून पुढच्या रविवारची वाट बघायचे. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी सकाळी उठल्याबरोबर कानात पाखरांचे आवाज शोधायचे. ते तुम्ही मला परत दिलं. आणि जितकं ते परत येत गेलं तितकं माझ्या पोटातलं ते वाक्य जड होत गेलं. तुमच्यामुळं मिळालेलं सुख तुमच्याशी खोटं बोलून घेते आहे, असं दर रविवारी वाटे.

होळीच्या आधी एकदा मी सुरुवात केली होती. पाळीवर बसलो होतो. "देवकाबाई, गोपीचंदचं ते झालं ना तेव्हा..."

तुम्ही दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "मॅडम, आपन पाखरं पाहाले आलो ना?"

मी वही उघडली. सुटले, असंच वाटलं मला. त्या सुटकेची लाज आज वाटते.

कापणी चालू असताना तुम्हाला भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. मी दोनदा आले. पहिल्यांदा तुमची सून होती. दुसऱ्यांदा आपण दोघीच होतो, पण तुम्हाला झोप लागली होती. मी खाटेशी बसून तुमच्या श्वासाकडे बघत राहिले. उठवावं की नाही ठरवता ठरवता भेटीची वेळ संपली. तिसऱ्यांदा यायची वेळ तुम्ही दिली नाही.

तेरवीला गोपीचंद आला होता. तुमच्या दारात तो सात वर्षांनी आला, हे मला तिथं बायकांच्या बोलण्यातून कळलं. मांडवाच्या टोकाशी एकटाच बसला होता, टोपी गुडघ्यावर. केस पांढरे झालेले. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गोपीचंदभाऊ, वनखात्यात तुमचं नाव मी सांगितलं होतं."

त्यानं वर बघितलं. मला वाटलं, आता हा उठेल, चारचौघांत मला बोलेल. तो बोलला ते हळू.

"तुमी?"

"मी."

"तुमी त शब्द देल्ला होता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"थेच सांगतलन मले. मॅडमनं शब्द देल्ला, मॅडम सांगनार नाही, पन तू बंद कर म्हने." तो टोपीची घडी घालत होता, उलगडत होता. "पाहनारे दोघंच होते. तुमी अन् थे. तुमी शब्दाच्या पक्क्या, असं तिनंच सांगतलन. मंग उरलं कोन? मी सुटून आलो अन् तिले विचारलो, तूच सांगतलीस का? थे काही बोललीच नाही. मी म्हटलो, माह्या दारात पाय नोको ठेवू. त्या दिवसापासून नाही आली."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"तुमी तवा काहून नाही सांगतलं, मॅडम?"

भीती वाटली, हे उत्तर त्याला देण्यासारखं नव्हतं.

"आता माफी मांगाची त कोनाले मांगू मी?" तो म्हणाला. मग उठला, पानावर न बसताच निघून गेला.

देवकाबाई, तुम्हाला कळलं होतं का? भावानं विचारलं तेव्हा तुमच्या मनात माझं नाव आलं, आणि मला वाचवायला तुम्ही तोंड मिटलंत? की सख्ख्या भावानं असा प्रश्न विचारावा याचाच राग येऊन गप्प बसलात? मी दोन दिवस हेच उलटंपालटं करते आहे. मला तुमचा रागही येतो. एक शब्द बोलायचा होता, त्याच्याशी नाही तर माझ्याशी. सहा भाऊबिजा तुम्ही घरात बसून काढल्या आणि माझ्या दारात येऊन म्हणालात, दुर्बीण काढा.

आज सकाळी भीती वाटत होती. हे सगळं कळल्यावर पाखरांकडे बघवणार नाही, पुन्हा पहिल्यासारखं मरून जाईल सगळं, असं वाटत होतं. तरी गेले. यंदाचे पहिले थापटे उतरले होते, आठ-दहा, चोची पाण्यात घालून गोल गोल फिरत. मी बघितलं, आणि मला आनंद झाला. निर्लज्जासारखा झाला. मी तो होऊ दिला.

मग पाळीवरूनच पलीकडच्या काठाला गेले, तुमच्या माहेरी. गोपीचंद आंगणात धानाची पोती शिवत होता. मी म्हटलं, "तुमच्या घरात अजून कोणी देवकाबाईंनाच दोष देत असेल तर त्यांच्यासमोर मला बोलायचं आहे."

त्यानं हातातला टाका पुरा केला. मग सुई पोत्यात खोचून म्हणाला, "माय आहे आतमधी. तेरवीलेही आली नाही थे."

तुमच्या आई खाटेवर बसल्या होत्या. इतक्या म्हाताऱ्या असतील असं वाटलं नव्हतं. मी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. विष, शब्द, एसटी, कार्यालय. त्यांना ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना गोपीचंद उठून बाहेर गेला.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लहानपनापासून अशीच होती. खोटा आळ आला का तोंड मिटून घे. कितीक मारलो मी तिले, बोल म्हनून."

आता जा म्हणतील, असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, "तुमच्यासंगं थे पाखरं पाहाले जाये म्हनतात. घरदार सोडून का पाहात होत्या बाई, तुमी दोघी?"

मी दुर्बीण गळ्यातून काढून खाटेवर ठेवली. त्यांच्या कानाशी सरकले आणि मोठ्यानं सांगायला लागले.